रेषा माझ्या डाव्या हाताला

(मंडळाच्या गणेशोत्सवात महिलांच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



व्यासपीठावर बोलायची माझी ही पहिलीच वेळ. आपल्या बंगळूरच्या मंडळातली दोन-चार घरं दरवर्षी ऑनसाइटला जातात, म्हणून परदेशातल्या ड्रायव्हिंगबद्दल बोला असं कार्यकारिणीने सुचवलं. मी काही तज्ज्ञ नाही. एकदा नापास झालेली आणि एकदा थोडक्यात वाचलेली ड्रायव्हर आहे, एवढंच.

2006 साली यांच्या नोकरीमुळे आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला गेलो. इथे मी सात वर्षं मारुती चालवलेली. पण तिथे पहिले आठ महिने किल्लीला हात लावला नाही. वाणसामान, दवाखाना, देऊळ, सगळं यांच्या सवडीने.

पुढच्या फेब्रुवारीत एका दुपारी शाळेतून फोन आला, मुलीला ताप भरलाय, घेऊन जा. हे न्यूयॉर्कला ऑफिसात. शाळा दीड मैलावर, वाटेत फूटपाथ नाही, कडेला बर्फाचे ढीग. गाडी दाराशी उभी आणि किल्ली खुंटीला! शेवटी शेजारच्या गुजराती बेन धावून आल्या. रात्री मुलीने विचारलं, "आई, तू तर बंगळूरला गाडी चालवायचीस ना?" मला उत्तर देता आलं नाही.

मग शिकायचं ठरवलं. यांनी दोन रविवार शिकवलं. हे शेजारी बसून स्वतःच्या पायाने गाडीची जमीन दाबायचे आणि "ब्रेक, ब्रेक" ओरडायचे. संसार टिकावा म्हणून तिसऱ्या रविवारपासून पैसे देऊन शिक्षक लावला. ज्यांना परवडेल त्यांना माझा हाच सल्ला आहे.

लेखी परीक्षेला 50 प्रश्न, 40 बरोबर हवेत. तिथल्या मोटार खात्याचं पुस्तक वाचलं, पास झाले. रस्त्यावरच्या परीक्षेत मात्र नापास! कारण काय, तर स्टॉपच्या पाटीपाशी मी वेग कमी केला, आजूबाजूला कोणी नाही असं पाहिलं आणि पुढे गेले. तिथे थांबणं म्हणजे चाक पूर्ण थांबणं. रस्ता मोकळा असो की नसो.

तेव्हा मला एक गोष्ट उमगली. आपण इथे समोरच्या गाडीकडे बघून चालवतो. तो घुसेल का, ती रिक्षा वळेल का, हा आपला अंदाज. तिथे सगळे नियमाकडे बघून चालवतात. चार बाजूंना स्टॉप असेल तर जो आधी आला तो आधी जाणार. दोघे एकदम आले तर उजवीकडच्याचा मान. शाळेच्या बसचे लाल दिवे लुकलुकले की, मध्ये दुभाजक नसेल तर, दोन्ही बाजूंची वाहतूक थांबणार. हे पाठ झालं की निम्मी भीती जाते, कारण पुढचा काय करणार हे आपल्याला कळलेलं असतं. आपणही तसंच वागू हे त्याने गृहीत धरलेलं असतं, म्हणून आपला अंदाजपंचे कारभार तिथे धोक्याचा.

दुसऱ्या खेपेला लायसन्स मिळालं आणि मी जरा फुशारले. पंधरा दिवसांनी, रविवारी पहाटे दूध आणायला गेले. दुकानाच्या आवारातून बाहेर पडले, रस्ता रिकामा, आणि हात आपोआप डाव्या लेनमध्ये गेले! समोरून दिवे आले. त्या माणसाने गाडी थांबवली आणि लांबलचक हॉर्न दिला. मी घाबरून इंडिकेटर द्यायला गेले तर वायपर सुरू झाले, कारण ती दांडी तिथे उलट्या बाजूला. कोणाला काही झालं नाही, पण पुढे दोन आठवडे मी गाडीला हात लावला नाही.

मंडळी, चूक गर्दीत होत नाही. गर्दीत बाकीच्यांच्या मागून आपण बरोबरच जातो. रिकाम्या रस्त्यावर जुनी सवय डोकं वर काढते.

माझ्या शिक्षकांनी मग एक सोपी खूण सांगितली. ड्रायव्हर कायम रस्त्याच्या मधल्या रेषेच्या बाजूला असतो. मी डॅशबोर्डवर चिठ्ठी चिकटवली, "रेषा माझ्या डाव्या हाताला." प्रत्येक वळणाआधी मोठ्याने म्हणायचे. मुलगी मागून हसायची, मग तीही म्हणू लागली.

पुन्हा सुरुवात केली ती एकाच रस्त्याने. घर ते वाचनालय, दहा वेळा. मग शाळा. मग रूट वन, जिथे डावीकडे वळायला आधी उजवीकडे बाहेर पडावं लागतं! हायवेवर शिरणं सर्वांत शेवटी. तिथे घाबरून हळू जाणं हाच धोका. उतारावरच वेग वाढवून, आरसा बघून आणि मान वळवून, 55 मैलांच्या म्हणजे साधारण 88 किलोमीटरच्या प्रवाहात मिसळायचं.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. इथल्या आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून न्या. पण राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. न्यू जर्सीत राहायला गेल्यावर 60 दिवसांत तिथलं लायसन्स काढावं लागतं. आणि पोलिसांनी थांबवलं तर आपल्यासारखं खाली उतरून बोलायला जाऊ नका. जागेवर बसा, हात स्टिअरिंगवर दिसू द्या.

2008 च्या जानेवारीत शाळेतून पुन्हा तसाच फोन आला. बारा मिनिटांत मी दारात होते. मुलगी तापातच गाडीत बसली आणि म्हणाली, "आई, रेषा."

2013 साली परत आलो. आता सिल्क बोर्डला रेषाच दिसत नाही, तो वेगळा विषय! पण घरातल्या बायकांना, सुनांना एवढंच सांगते, किल्ली खुंटीला राहू देऊ नका.

गणपती बाप्पा मोरया!