माशांच्या जनुकांची साक्ष



नदीच्या पाण्यात संप्रेरकांच्या कार्यात व्यत्यय आणणारी द्रव्ये मिसळली आहेत काय, हे माशांच्या जनुकांकडून जाणून घ्यावे आणि त्यांचे गुंतागुंतीचे म्हणणे संगणकाकरवी उलगडावे, अशी जी परीक्षापद्धती अलीकडे आकारास आली आहे, तिची योग्यता व तिची मर्यादा या परिषदेपुढे मांडावी, असा माझा मानस आहे.

या प्रश्नाचे गांभीर्य प्रथम ध्यानात आले ते इंग्लंडात. शुद्धीकरण झालेले सांडपाणी ज्या ठिकाणी बाहेर सोडले जाते, तेथे पिंजऱ्यांतून ट्राउट मासे ठेवले असता नरांच्या रक्तात व्हायटेलोजेनिन नावाचे प्रथिन भरपूर आढळले, असे १९९४ साली प्रसिद्ध झाले. हे प्रथिन म्हणजे अंड्यातील बलकाचे पूर्वरूप. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची आज्ञा होताच मादीचे यकृत ते घडवू लागते, आणि नराजवळही त्याचे जनुक असले तरी आज्ञाच पोचत नसल्यामुळे ते एरवी निद्रिस्त असते. मग ही आज्ञा दिली कोणी? संशयितांची यादी लांबलचक होती. अखेर सांडपाण्याचे घटक वेगळे करून, मानवी इस्ट्रोजेन-ग्राहीचे जनुक बसविलेल्या यीस्टवर एकेका विभागाची परीक्षा झाली, तेव्हा १९९८ साली घरगुती सांडपाण्यापुरता निकाल लागला: मनुष्यदेहातून उत्सर्जित होणारी नैसर्गिक संप्रेरके आणि गर्भनिरोधक गोळीतील एथिनिलइस्ट्राडायोल.

यांपैकी एथिनिलइस्ट्राडायोल कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील २६० क्रमांकाच्या प्रायोगिक सरोवरात २००१ ते २००३ या तीन वर्षांच्या उन्हाळ्यांत, लिटरमागे अवघे ५ ते ६ नॅनोग्रॅम राहील इतके सोडण्यात आले. फॅटहेड मिनो जातीच्या नरांच्या वृषणांत अंडपेशी दिसू लागल्या आणि त्या जातीची तेथील वस्ती जवळजवळ नामशेष झाली. मात्र द्रव्य सोडणे थांबल्यावर काही वर्षांनी ती पुन्हा सावरली. अपराधी ओळखून दूर केला, तर पाण्यातील जीवन स्वतःला सावरू शकते, असा दिलासा देणारा हा दाखला मला अत्यंत मोलाचा वाटतो.

परंतु सरोवरात काय घातले हे ठाऊक होते. नदीत ते ठाऊक नसते. रसायनज्ञ ज्याचा शोध घेतो तेच त्याला सापडते, आणि एकेकटी निरुपद्रवी ठरणारी द्रव्ये एकत्र आली म्हणजे परिणाम घडवितात, हेही प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. मासा मात्र जे जे पाण्यात आहे त्या सर्वांना एकदम प्रतिसाद देतो. जनुकसंचय हे पेशीचे मूळ दफ्तर मानले, तर त्यातील कोणत्या कागदाच्या किती नकला आज कामासाठी बाहेर पडल्या आहेत, याची मोजदाद आपल्याला करावयाची असते.

एकट्या व्हायटेलोजेनिनची नक्कल तपासून का भागत नाही? अमेरिकेत गुरांच्या वाढीसाठी वापरले जाणारे ट्रेनबोलोन हे नर-संप्रेरकासारखे वागते. फॅड्रोझोल हे औषध इस्ट्रोजेन तयार करणाऱ्या विकरालाच अडविते. आणि तरीही या दोन्हींमुळे मादीमधील व्हायटेलोजेनिन घटते. खूण एक, कारणे दोन. हा भेद यकृत, मेंदू आणि जननग्रंथी यांतील अनेक जनुकांच्या एकत्रित चढउतारातूनच ओळखता येतो, आणि असा आकृतिबंध हजारो आकड्यांतून हुडकणे मानवी नजरेच्या आवाक्यातले नसल्यामुळे, ज्ञात द्रव्यांत ठेवलेल्या माशांची उदाहरणे देऊन संगणकाला तो शिकवावा लागतो.

येथे मला थोडे कठोर व्हावेसे वाटते. झेब्राफिशमध्ये प्रथिने घडविणारी सुमारे २६,००० जनुके आहेत. पाच टक्के चुकीची मुभा ठेवून प्रत्येकाची स्वतंत्र परीक्षा केली, तर पाण्यात काहीही नसतानादेखील सुमारे १,३०० जनुके निव्वळ योगायोगाने दोषी ठरतील. द्रव्यात ठेवलेल्या माशांचे नमुने सोमवारी आणि साध्या पाण्यातल्या माशांचे मंगळवारी हाताळले गेले, तर संगणक द्रव्याऐवजी वारच शिकून बसेल व आपल्याला उत्तर मात्र मोठ्या आत्मविश्वासाने देईल. म्हणून ज्या प्रयोगशाळेत शिक्षण झाले तिच्याबाहेरच्या माशांवर, आणि काचेच्या टाकीबाहेर खऱ्या नदीत, जी पद्धत तपासली गेली नाही, तिच्या आधारे कोणत्याही कारखान्यावर वा नगरपालिकेवर ठपका ठेवू नये, आणि कोणाला निर्दोषही ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 'सांगता येत नाही' असे उत्तर देण्याची मुभाही त्या पद्धतीत असलीच पाहिजे.

ज्या झेब्राफिशवर जगभर हे संशोधन चालते तो मूळचा आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवरील ग्रंथात १८२२ साली त्याचे प्रथम वर्णन केले. मात्र कटला, रोहू आणि आपल्या घाटमाथ्यावरच्या ओढ्यांतील लहान मासे यांची निरोगी स्थितीतील जनुक-नोंद ऋतूनुसार, लिंगानुसार आणि विणीच्या अवस्थेनुसार ठेवल्यावाचून परक्या माशावर शिकलेला संगणक येथे फसेल. हे काम कष्टाचे आहे आणि त्याला प्रसिद्धी नाही. वर्सोव्याच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेसारख्या संस्थांनी व आपल्या विद्यापीठांनी ते आपसांत वाटून घ्यावे, त्याचे कच्चे आकडे सर्वांस खुले ठेवावेत, आणि प्रारंभ शहरांच्या वरच्या अंगाला, जेथे सांडपाणी अजून पोचलेले नाही, अशा प्रवाहांपासून करावा, अशी सूचना मी या परिषदेच्या विचारार्थ ठेवतो.