हळदीचे सहा अंक

परदेशातल्या लेकीला पार्सल पाठवताना फॉर्मवर नुसतं ‘घरगुती सामान’ लिहू नका. तिथल्या कस्टम अधिकाऱ्याला आपली भाषा कळत नाही, आकडा कळतो. हा आकडा म्हणजे मालाचं वर्गीकरण सांगणारा एचएस कोड; हे कोड १ जानेवारी १९८८ पासून लागू आहेत. हळदीचाच कोड बघा: ०९१०.३०. पहिले ०९ म्हणजे चहा, कॉफी, मसाल्यांचं प्रकरण. त्याला १० जोडले की आलं, केशर, हळद यांचा गट. शेवटचे ३० फक्त हळदीचे. हे सहा अंक बहुतेक देशांत सारखेच. भारतात पुढे आणखी दोन लागतात. आपला पापड मात्र मसाल्यांत नाही, १९व्या प्रकरणात पाव-बिस्किटांच्या पंगतीला बसतो! म्हणून प्रत्येक जिन्नस वेगळा लिहा, वजन आणि किमतीसकट.