बंगळुरूची अचूकता : मूलभूत संशोधनाचे अर्थकारण

संशोधन आणि विकास यांवरील भारताचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये सुमारे १,२७,३८१ कोटी रुपये, म्हणजे स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक टिपणात हा आकडा असतो आणि त्याच्या शेजारी दोन टक्क्यांच्या पुढे गेलेला चीनचा आकडा असतो. खर्च कमी आहे, याविषयी दुमत नाही. परंतु खर्चातून नेमके काय उभे राहते, हे टक्केवारीतून कळत नाही. त्यासाठी बंगळुरूच्या प्रयोगशाळांकडे वळावे लागते.

२ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथून निघालेले आदित्य-एल१ हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावरील एल-१ बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचले. त्यावरील मुख्य उपकरण, म्हणजे करोनाग्राफ, भारतीय खगोलभौतिकी संस्थेने बंगळुरूजवळील होस्कोटे येथील आपल्या केंद्रात इस्रोच्या सहकार्याने घडविले. सूर्याचे बिंब झाकून त्याभोवतीचा करोना न्याहाळणे, हे त्याचे काम. करोना बिंबाच्या मानाने सुमारे दहा लाख पटींनी मंद असतो. आरशावरील किंचित खडबडीतपणा किंवा धुळीचा बारीकसा कणसुद्धा प्रकाश विखुरतो आणि त्या विखुरलेल्या उजेडात करोना बुडून जातो. म्हणून उपकरणाची जुळणी ‘वर्ग १०’ च्या स्वच्छ कक्षात झाली. अशा कक्षातील एका घनफूट हवेत अर्धा मायक्रॉन वा त्याहून मोठे कण दहापेक्षा अधिक असून चालत नाहीत. हिशेबाच्या वहीत हा कक्ष एका मोहिमेचा खर्च म्हणून नोंदला जातो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र ते भांडवल आहे. यान आपले आयुष्य संपवील, कक्ष आणि तेथे काम करण्याची शिस्त अंगी बाणलेली माणसे पुढच्या उपकरणासाठी उरतील.

दुसरे उदाहरण रामन संशोधन संस्थेचे. विश्वातील पहिले तारे उजळले त्या काळाचा रेडिओ संकेत ७८ मेगाहर्ट्झच्या आसपास आढळल्याचा दावा अमेरिकी शास्त्रज्ञांच्या एका गटाने २०१८ मध्ये केला. ऑस्ट्रेलियातील त्यांच्या उपकरणाने टिपलेला हा संकेत प्रचलित सिद्धान्ताच्या अपेक्षेपेक्षा दुपटीहून अधिक तीव्र होता. तो खरा ठरता, तर भौतिकशास्त्राला नव्या कल्पनांची गरज भासली असती. संस्थेने ‘सारस’ नावाची रेडिओ दुर्बीण स्वतःच रचली होती. तिची तिसरी आवृत्ती २०२० च्या सुरुवातीस कर्नाटकातील दंडिगनहळ्ळी तलावावर आणि शरावतीच्या जलाशयावर चक्क तरंगत ठेवण्यात आली. कारण साधे होते : जमिनीखालचे थर एकसारखे नसतात आणि त्यांच्यामुळे अँटेनाचे वाचन बिघडते, पाणी मात्र एकजिनसी असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘नेचर अॅस्ट्रॉनॉमी’त निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तो दावा ९५.३ टक्के विश्वासपातळीवर नाकारण्यात आला होता. आयात केलेल्या तयार उपकरणाने असा वाद सोडविणे अवघड असते, कारण संकेत कोणता आणि यंत्राचा दोष कोणता, हे यंत्र घडविणाऱ्यालाच नीट सांगता येते.

ही क्षमता एका पंचवार्षिक योजनेत आलेली नाही. हिंदुस्थान मशीन टूल्सची स्थापना १९५३ मध्ये झाली. यंत्रावजारांच्या संशोधनासाठी केंद्रीय संस्था १९६२ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या साहाय्याने याच शहरात उभी राहिली आणि आज ती केंद्रीय उत्पादन तंत्रज्ञान संस्था म्हणून कार्यरत आहे. घड्याळांचा सरकारी कारखाना तोट्यात गेला आणि २०१६ मध्ये तो बंद करण्याचा निर्णय झाला. ताळेबंद पाहता तो निर्णय समजण्याजोगा होता. पण मायक्रॉनमध्ये विचार करणारा कामगारवर्ग त्या ताळेबंदात कधीच दिसला नव्हता.

संगणनाच्या क्षेत्रात चित्र इतके समाधानकारक नाही. भारतीय विज्ञान संस्थेत २०२२ मध्ये कार्यान्वित झालेला ‘परम प्रवेग’ हा ३.३ पेटाफ्लॉप्स क्षमतेचा महासंगणक राष्ट्रीय महासंगणन अभियानातून, पुण्याच्या सी-डॅकच्या आराखड्यानुसार आला. जुळणी देशात झाली. प्रोसेसर मात्र परदेशी आहेत. एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर झाले आणि त्यातील क्वांटम संगणनाचे केंद्र भारतीय विज्ञान संस्थेकडे आले. तेथेही सुटे भाग कोण बनविणार, हाच प्रश्न कळीचा राहील.

सरकारी खरेदीच्या भाषेत ‘एल-१’ म्हणजे सर्वांत कमी दराची निविदा. खगोलशास्त्रज्ञांचा एल-१ गाठणे सोपे, हा एल-१ ओलांडणे कठीण, असे विनोदाने म्हणता येईल. जे उपकरण जगात कोणी बनविलेलेच नाही, त्याचे तीन दर मागविण्यात अर्थ नसतो. जून २०२५ मध्ये केंद्राने संशोधन संस्थांसाठी थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख रुपये केली आणि २०० कोटी रुपयांपर्यंतच्या जागतिक निविदा मंजूर करण्याचा अधिकार संस्थाप्रमुखांना दिला. वेळ वाचेल, हे निश्चित. मात्र जागतिक निविदा सोपी झाली की देशी कारखान्याला शिकण्यासाठी मिळणारी सवडही घटू शकते. ही बाजू चर्चेत फारशी आली नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न दूरचा नाही. हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथे २,६०० कोटी रुपयांच्या लायगो-इंडिया वेधशाळेला ६ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. तेथे चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतून प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही सूक्ष्म बदल मोजायचा आहे आणि त्यासाठी लांबच लांब नळ्यांमध्ये जवळजवळ संपूर्ण निर्वात राखावा लागेल. महत्त्वाची शोधक उपकरणे अमेरिकेकडून येणार आहेत. जागा, निर्वात व्यवस्था आणि बांधकाम भारताचे. म्हणजे कसोटीचे जोडकाम येथेच व्हायचे आहे. कंत्राटांमध्ये स्थानिक औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वेल्डर व फिटर घडविण्याची अट घातली, तर थोडा खर्च वाढेल, काही महिने जास्त लागतील. परंतु वेधशाळा सुरू झाल्यावर तिची देखभाल करणारे हात मराठवाड्यातच तयार असतील.