युद्धकैद्याचे पत्र

रणांगणावर गेलेल्या शिपायाविषयी घरी तीनच प्रकारच्या वार्ता येऊ शकतात. तो सुखरूप आहे, तो पडला, किंवा तो बेपत्ता आहे. यांपैकी तिसरी वार्ता सर्वांत क्रूर होय. मृत्यूचा शोक काळाबरोबर ओसरतो. बेपत्ता माणसाची वाट मात्र जन्मभर पाहावी लागते.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटताच आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीने जिनिव्हा येथे युद्धकैद्यांविषयीची कचेरी उघडली, ती या एका शब्दावर उतारा म्हणून. युद्धमान राष्ट्रांकडून कैद्यांच्या याद्या येत, आप्तेष्टांकडून चौकशीची पत्रे येत. प्रत्येक नावाची स्वतंत्र चिठ्ठी करावयाची आणि यादीतले नाव पत्रातल्या नावाशी जुळले, की घरी कळवावयाचे, असे ते काम. अशा सुमारे ७० लक्ष चिठ्ठ्या तेथे साठल्या. फ्रेंच साहित्यिक रोमाँ रोलाँ यांनीही या कचेरीत स्वयंसेवक म्हणून काम केले.

परंतु दया केवळ शत्रूच्या मर्जीवर राहिली तर तिचा भरवसा कोणी धरावा? म्हणून १९२९ साली युद्धकैद्यांसाठी स्वतंत्र करार झाला. सोव्हिएट रशियाने तो स्वीकारला नाही. जपानने त्यावर सही केली, पण त्यास अंतिम मान्यता दिली नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या छावण्यांत लक्षावधी रशियन कैदी मेले. मलाया-सिंगापुरात जपानच्या हाती सापडलेल्या सैनिकांचे, त्यांत हिंदी सैनिकांचेही, अतोनात हाल झाले.

हा अनुभव गाठीशी घेऊन १२ ऑगस्ट १९४९ रोजी जिनिव्हाचे चार करार झाले. त्यांतील तिसरा युद्धकैद्यांचा. त्याची कलमे १४३. कैद्याने आपले नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिकी क्रमांक एवढेच सांगणे बंधनकारक आहे. त्याची मानहानी करू नये, लोकांपुढे त्याचे प्रदर्शन मांडू नये. छावणीत आल्यापासून आठवड्याच्या आत त्यास आपल्या बंदिवासाची वार्ता घरी धाडता आली पाहिजे. पुढे दरमहा किमान दोन पत्रे व चार कार्डे लिहिता आली पाहिजेत. लढाई थांबताच त्यास विनाविलंब सोडावे.

१९७१ च्या युद्धानंतर भारताच्या छावण्यांत ९० हजारांहून अधिक पाकिस्तानी होते. मुख्यतः सैनिक, काही नागरिकही. रेड क्रॉसचे प्रतिनिधी त्यांस भेटत. तथापि वाटाघाटी लांबल्या, आणि अखेरचे कैदी परतावयास १९७४ साल उजाडले. 'विनाविलंब' या शब्दालाही राजकारणासाठी तिष्ठावे लागते, ते असे. त्याच युद्धात बेपत्ता झालेल्या काही भारतीय सैनिकांच्या घरी तर निश्चित उत्तर अद्यापि आलेले नाही.

कायदा युद्ध थांबवू शकत नाही. शत्रूच्या हाती पडलेला माणूसही कोणाचा तरी मुलगा आहे, एवढेच तो बजावतो. आणि हे बजावणे किती मोलाचे, हे टपालवाल्याची वाट पाहणाऱ्या आईखेरीज कोणी सांगू शकणार नाही.