यंत्र काढायचं असतं
(बंगळुरूतल्या वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

एवढ्या रहदारीतून वाट काढत आलात, तेव्हा मनातलं आधीच सांगून टाकते. यंत्र ही विकत आणून देव्हाऱ्यात ठेवायची वस्तू नाही. ते काढायचं असतं, आपल्या हातानं.

श्रीविद्या ही देवीची उपासना, ‘सौंदर्यलहरी’ हे स्तोत्र, तंजावरच्या मराठ्यांच्या राज्यात कावेरीकाठी स्थिरावलेले भाष्यकार भास्करराय, हे सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. त्यात वेळ घालवत नाही. या उपासनेचं यंत्र म्हणजे श्रीचक्र, त्यात नऊ मोठे त्रिकोण. पाच खाली टोक असलेले, शक्तीचे. चार वर टोक असलेले, शिवाचे. त्यांच्या छेदांतून ४३ लहान त्रिकोण होतात. बाहेर आठ पाकळ्या, मग सोळा, मग चार दारांची चौकट, म्हणजे भूपुर. बोटानं मोजलं की झालं, असं वाटतं. काढायला बसा!

मी बसले. एका जुन्या रीतीत वर्तुळाच्या व्यासाचे ४८ भाग करतात आणि ६, १२, १७, २०, २३, २७, ३०, ३६, ४२ या खुणांवर आडव्या रेघा ओढतात. मी व्यास २४ सेंटिमीटर घेतला, म्हणजे एक भाग अर्ध्या सेंटिमीटरचा. तीन रेघा जिथे एकाच बिंदूत भेटायला हव्यात, त्या जागेला मर्म म्हणतात. माझ्या कागदावर तिथे तांदळाच्या कणीएवढा त्रिकोण उरला. रेघ केसभर वर सरकवली. तो मिटला आणि पलीकडे दुसरा उघडला. चार कागद गेले. दिवेलागण झाली तरी मान वर केली नव्हती. ध्यान या शब्दाचा अर्थ मला त्या दुपारी कळला. मॉस्को विद्यापीठाच्या कुलाइचेव यांनी १९८४ साली याच गणितावर निबंध लिहिला. वाचताना वाटलं, यांचंही खोडरबर झिजलं असणार.

(मागच्या रांगेतून: “पण बाई, दुकानातल्या तांब्याच्या यंत्रानं पैसा येतो म्हणतात!” हशा.)

हसा, पण या तयार वस्तूंचं मला वाईट वाटतं. परवा एका वास्तुशांतीला चौरंगावर सर्वतोभद्र मंडलाचं छापील कापड अंथरलं. १९ उभ्या रेघा, १९ आडव्या, ३२४ घरं. माझ्या लहानपणी गुरुजी ती घरं रंगीत तांदळांनी भरत आणि आम्ही पोरं ताटल्या धरून बसत असू. “हिरवे दे,” म्हटलं की हिरवे पुढे करायचे. चुकून काळे दिले की हात तसाच थांबायचा. नाही, नाही, मी श्रद्धेला नावं ठेवत नाही. गुरुजींनाही नाही, त्यांना एका सकाळीत तीन घरं गाठायची असतात. पण परवा त्या घरातली मुलं आतल्या खोलीत होती. त्यांना करण्यासारखं तिथे काही उरलंच नव्हतं.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं राहिली. चैत्रांगणावर, चैत्रात काढायच्या रांगोळीवर, अर्धा तास बोलायचं ठरवून आले होते! दोन गौरी, कासव, नाग, तुळशीवृंदावन, गोपद्मं, सगळं राहिलं. कोलमचं, म्हणजे तमिळ घरांच्या दारातल्या रांगोळीचं, तेवढं सांगते. मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या गिफ्ट सिरोमनी यांनी सहकाऱ्यांसह १९७४ साली कोलमचं व्याकरण संगणकशास्त्राच्या भाषेत मांडलं. दारातल्या बाईच्या बोटांत नियम आहेत, हे त्यांनी मांडून दाखवलं.

मल्लेश्वरममधल्या आमच्या शेजारच्या अज्जींना कागद लागत नाही. सडा ओला असतानाच त्या चुक्की टाकतात. चुक्की म्हणजे आपला ठिपका. १५ ते ८ ठिपक्यांची रांगोळी असेल तर मधली १५ ची ओळ आधी, मग वर-खाली एकेक ठिपका कमी. चिमटीतून रेघ सुटते ती वळण घेत जिथून निघाली तिथेच येऊन मिळते. माझी अजून शेवटच्या वळणाला चुकते.

घंटा झाली, ऐकू आली. अध्यक्षांची परवानगी आहे, फरशीही मघाशी पुसून घेतली आहे. रांगोळीची पुडी पिशवीत आहे. थांबणार असाल तर चपला काढून पुढे या. मधली ओळ सात ठिपक्यांची टाकू.