रोमन अंकांचें लेखन



आजचा विषय रोमन अंकांचा आहे. तो विशेषेंकरून शाळेंत जाणाऱ्या मुलांसाठीं, आणि संध्याकाळीं त्यांचा अभ्यास घेणाऱ्या आईबापांसाठीं मीं निवडला आहे. नभोवाणीवरून फळा दाखवितां येत नाहीं, ही माझ्यासारख्या जुन्या मास्तराची मोठीच अडचण! म्हणून मी प्रत्येक अक्षराचें नांव उच्चारीन, आणि आपण तें इंग्रजी लिपींतील मोठ्या अक्षरानें कागदावर मांडीत जावें. एक पेन्सिल जवळ असली म्हणजे पुरे.

मुंबईस अपोलो बंदरावर गेट वे ऑफ इंडिया नांवाची कमान आहे. तिचा पाया १९१३ सालीं घातला गेला आणि ४ डिसेंबर १९२४ रोजीं ती खुली झाली. पंचम जॉर्ज व राणी मेरी यांच्या हिंदुस्थानांतील आगमनाचें स्मारक म्हणून ती बांधली, असा लेख तिच्यावर कोरलेला आहे. त्यांत दिवस आणि महिना इंग्रजी शब्दांनीं दिला आहे. परंतु साल मात्र पुढीलप्रमाणें आहे: एम-सी-एम-एक्स-आय. शाळेच्या सहलींतून तेथें जाणाऱ्या मुलांना कबुतरें दिसतात, बोटी दिसतात, फुगेवाला तर दिसतोच दिसतो. पण डोक्यावरचें हें साल वाचणारा मुलगा विरळा. तें कसें वाचावयाचें तें आतां पाहूं.

रोमन लेखनांत चिन्हें सातच आहेत. आय म्हणजे १, व्ही म्हणजे ५, एक्स म्हणजे १०, एल म्हणजे ५०, सी म्हणजे १००, डी म्हणजे ५०० आणि एम म्हणजे १०००. पाठ करण्यास हीं सोपीं आहेत. तरी पण यांतलीं बहुतेक मुळांत अक्षरें नव्हतींच, हें मुलांना सांगितलें तर तीं अधिक लौकर ध्यानांत राहतात. आय ही काठीवर पाडलेली एक खांच. दहांची खूण म्हणजे फुली. ती फुली मधोमध आडवी कापली कीं वरचा अर्धा भाग व्हीसारखा दिसतो, आणि दहांचे निम्मे पांच. हजाराची एक जुनी खूण अशी होती कीं उभ्या रेघेच्या दोन्ही अंगांस दोन कंस. तिचा उजवा अर्धा भाग उचलला कीं झाला डी, म्हणजे हजाराचे निम्मे पांचशें. लॅटिन भाषेंत शंभराला 'केंटुम्' व हजाराला 'मिल्ले' म्हणतात. त्या शब्दांच्या आद्याक्षरांशीं सी व एम यांचा मेळ मागाहून बसला, असें बहुतेक विद्वानांचें मत आहे.

रेघांनीं मोजण्याची ही रीत आपल्याला परकी वाटावयास नको. जुन्या मराठी जमाखर्चांत पावाला एक उभा दंड, अर्ध्याला दोन आणि पाऊणला तीन दंड घालीत. १॥ म्हणजे दीड आणि २॥ म्हणजे अडीच. ज्यांच्या घरीं आजोबा-पणजोबांच्या वह्या माळ्यावर शिल्लक असतील त्यांनीं त्या मुलांपुढें जरूर उघडाव्या. दंड मोजून किंमत ओळखणें हीच रोमन अंकांची पहिली पायरी होय.

तेव्हां मोठें चिन्ह आधीं, लहान मागाहून, आणि सर्वांची बेरीज. एक्स-व्ही-आय म्हणजे सोळा. आय, एक्स, सी व एम हीं लागोपाठ तीन वेळां लिहितां येतात. व्ही, एल व डी हीं दुबार लिहावयाचीं नाहींत, कारण दोन व्ही लिहिण्यापेक्षां एक एक्स लिहिणें सरळ. येथवर कोणाही मुलाची गाडी अडत नाहीं.

ती अडते वजाबाकीशीं. लहान चिन्ह मोठ्याच्या आधीं आलें तर तें वजा करावयाचें: आय-व्ही म्हणजे चार, आय-एक्स म्हणजे नऊ. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला ही चाल चमत्कारिक वाटत असेल. मराठी मुलाला ती वाटूं नये. आपण 'एकोणीस' म्हणतों, म्हणजे एक ऊन वीस. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास हे सगळे शब्द वजाबाकीचे आहेत. लॅटिन भाषेंतही एकोणिसाला 'उन्देविगिंती', म्हणजे विसांत एक कमी, असाच शब्द होता. आणि त्यांनीं एक पाऊल पुढें जाऊन अठराला 'दुओदेविगिंती', विसांत दोन कमी, असें म्हटलें. आपल्या अठरांत तसें कांहीं नाहीं.

परंतु जो शब्द मुलाला वजाबाकी समजावून देतो तोच त्याला खड्ड्यांतही घालतो. एका शाळेच्या सहामाही परीक्षेंत एका मुलीनें एकोणपन्नास हा आंकडा आय-एल असा लिहिला. पन्नासांतून एक उणा. परीक्षकानें तांबडी फुली मारली. मुलगी धीट होती, विचारावयास गेली. 'असा नियम नाहीं,' एवढेंच उत्तर मिळालें. ती माझ्याकडे वही घेऊन आली तेव्हां तिचा प्रश्न साधा होता: एकोणपन्नास म्हणजे पन्नासांत एक कमी, मग माझें चुकलें कोठें? गुण अर्धाच गेला होता. तिला दुःख गुणाचें नव्हतें. आपण नीट विचार केला आणि तरीही आपण मूर्ख ठरलों, हें तिला सोसत नव्हतें. 'नियम नाहीं' या उत्तरानें मुलांचा गणितावरचा विश्वास किती उडतो, याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं.

अशा मुलीला खरें उत्तर दिलें पाहिजे. खरें उत्तर असें कीं तिची वजाबाकी बरोबर आहे. ती केवळ ठरलेल्या रिवाजास धरून नाहीं. आणि हा रिवाज खुद्द रोमन लोकांनीं तरी कोठें काटेकोर पाळला? रोमच्या कोलोसियम नांवाच्या प्रचंड रंगभूमीच्या दरवाजांवर क्रमांक कोरले आहेत. त्यांत चाळिसासाठीं एक्स-एल अशी वजाबाकी आहे, पण चारासाठीं मात्र चार उभ्या रेघा आहेत. त्यामुळें चव्वेचाळिसावा दरवाजा एक्स-एल आणि पुढें चार आय असा दिसतो. एकाच आंकड्यांत दोन्ही रीती! याहून बोलका दाखला जर्मनींतील बॉन येथील संग्रहालयांत आहे. इसवी सन ९ मध्यें ट्यूटोबुर्गच्या अरण्यांत रोमन सैन्याचा संहार झाला, त्यांत मार्कुस काएलियुस नांवाचा एक शतकाधिपति पडला. त्याच्या भावानें उभारलेल्या स्मारकशिळेवर त्याच्या पलटणीचा क्रमांक अठरा हा एक्स-आय-आय-एक्स असा कोरला आहे. दहा, आणि मग दहांत दोन कमी. 'दुओदेविगिंती'ची आठवण पाथरवटाच्या छिनीपर्यंत पोहोंचली असावी. त्याच शिळेवर त्याचें वय एल-आय-आय-आय-एस असें आहे. हा एस म्हणजे 'सेमिस', अर्धा. साडेत्रेपन्न वर्षांचा तो वीर होता. मृताच्या वयांतलें अर्धें वर्षही न गाळणाऱ्या त्या भावाबद्दल मला नेहमींच आदर वाटत आला आहे.

असो. मुलीला रिवाज आहे एवढें सांगून भागत नाहीं. त्या रिवाजांतली सोयही दाखविली पाहिजे. रोमन लोक अक्षरांनीं हिशेब करीत नसत. हिशेब ते खड्यांनीं किंवा मण्यांनीं फळीवर करीत आणि उत्तर तेवढें अक्षरांनीं नोंदवीत. त्यांच्या हातांतील गणनफळीवर एकं, दहं, शतं अशीं निरनिराळीं घरें असत; प्रत्येक घरांत खालीं एकेकाचे चार मणी आणि वर पांचाचा एक. म्हणून सात म्हणजे वरचा एक आणि खालचे दोन, व्ही-आय-आय. दशकाचे मणी एककाच्या घरांत शिरत नाहींत. आजचा शाळेंतला रिवाजही हाच भेद पाळतो: प्रत्येक घराचा आंकडा स्वतंत्र लिहावयाचा.

यामुळें मी मुलांना वजाबाकीचे नियम पाठ करावयास लावीत नसें. आंकडा आपल्या अंकांत लिहा, त्याचीं स्थानें फोडा, आणि डावीकडून एकेक स्थान रोमन चिन्हांत उतरवा, एवढेंच सांगत असें. एकोणपन्नास म्हणजे चाळीस आणि नऊ: एक्स-एल, आय-एक्स. नव्याण्णव म्हणजे नव्वद आणि नऊ: एक्स-सी, आय-एक्स. एकोणीस म्हणजे दहा आणि नऊ: एक्स, आय-एक्स. वजाबाकीच्या जोड्या सहाच लागतात: चार, नऊ, चाळीस, नव्वद, चारशें आणि नऊशें. ज्याला या सहा जोड्या आल्या आणि स्थानें फोडतां आलीं, त्याच्या हातून आय-एल लिहिलें जाणें जवळजवळ अशक्य आहे.

आतां गेट वेचें साल. एम म्हणजे हजार. पुढें सी-एम, सी लहान व तो एमच्या आधीं, म्हणून ही जोडी नऊशें. मग एक्स-आय, अकरा. १९११. त्या सालच्या २ डिसेंबरला राजाराणी तेथें उतरलीं. तेव्हां या कमानीचा दगडही बसला नव्हता. आपण पेन्सिल घेतलीच आहे तर १९४७ लिहून पाहा: एम, सी-एम, एक्स-एल, व्ही-आय-आय. आणि हौस असेल त्यानें १८८८ लिहावें. तेरा अक्षरें लागतात. आजपर्यंतच्या इसवी सनांत याहून लांब साल झालें नाहीं.

शून्य असलेल्या आंकड्याशीं मुलें हमखास थबकतात. दोनशें पांच म्हणजे सी-सी-व्ही. दशकाच्या घरीं कांहीं नाहीं, म्हणून तेथें कांहींच लिहावयाचें नाहीं. जागाही सोडावयाची नाहीं. रिकाम्या घराला खूण लागते ती आपल्या लेखनांत, कारण आपण दोनाची किंमत त्याच्या जागेवरून ओळखतों. रोमन सी कोठेंही बसला तरी तो शंभराचाच. शून्याचें महत्त्व पांचवीच्या मुलाला पटवून देण्यास याहून सोपा पाठ मला सांपडलेला नाहीं. त्याला अडतीस गुणिले सत्तावीस हें उदाहरण रोमन अक्षरांत मांडावयास सांगावें, म्हणजे शून्यासह दहा अंकांची पद्धति शोधणाऱ्या आपल्या पूर्वजांचे उपकार त्याला आपोआप कळतील.

युरोपला ही पद्धति अरबांच्या मार्फत मिळाली. पिसा येथील लेओनार्दो, ज्याला आज फिबोनाची म्हणतात, त्यानें १२०२ सालीं आपल्या ग्रंथांत या अंकांचें सविस्तर विवेचन केलें आणि त्यांना हिंदी लोकांचे अंक असेंच म्हटलें. तरी लोकांनीं ते चटकन् स्वीकारले नाहींत. फ्लॉरेन्स शहरांतील सराफांच्या संघानें १२९९ सालीं हिशेबाच्या वह्यांत हे नवे अंक वापरण्यास बंदी केली. शून्याला शेंपूट जोडलें कीं सहा किंवा नऊ होतो, म्हणून लबाडीची भीति, हें त्याचें एक कारण सांगितलें जातें. त्या सराफांना हंसण्याचें कारण नाहीं. आपणही धनादेशावर रक्कम अंकी लिहून पुन्हा अक्षरी लिहितोंच.

मग आज हे अंक शिकवावे कशाला? जेथें एक आंकडेमोड चालूंच आहे आणि तिच्यांत मिसळूं नये असा दुसरा क्रमांक हवा असतो, तेथें ते उपयोगी पडतात. इंग्रजी पुस्तकांत प्रस्तावनेचीं पानें रोमन अंकांनीं मोजतात. आपल्या मराठी ग्रंथांत त्याच कामासाठीं पुष्कळदां एक, दोन, तीन असे शब्द घालतात. रसायनशास्त्रांत तर त्यांची खरी गरज आहे. तांब्याच्या एका ऑक्साईडमध्यें तांब्याचे अणु दोन व ऑक्सिजनचा एक असतो; पण नांवांत कंसांतला रोमन आंकडा एक असतो. तो अणूंची संख्या सांगत नसून तांब्याची ऑक्सिडीकरण-अवस्था सांगतो. नववी-दहावींतल्या मुलाचा घोटाळा होतो तो येथें, आणि पांचवींत पाया कच्चा राहिला असेल तर तो घोटाळा दुप्पट होतो.

शेवटीं घड्याळाविषयीं, कारण हा प्रश्न घरोघरीं विचारला जातो. पुष्कळ रोमन घड्याळांवर चाराच्या ठिकाणीं चार उभ्या रेघा असतात आणि पुस्तकांत मात्र आय-व्ही असतो. लंडनच्या बिग बेनच्या तबकडीवर आय-व्ही आहे. आपल्या भिंतीवरच्या घड्याळावर चार रेघा असतील. दोन्ही रीती जुन्या आहेत व दोन्ही शुद्ध आहेत. मुलानें विचारलें तर घड्याळ चुकलें असें म्हणूं नये. कोलोसियमचा चव्वेचाळिसावा दरवाजा त्याला सांगावा, आणि परीक्षेंत मात्र पुस्तकांतला आय-व्हीच लिहावयास सांगावें.