खोक्यावरची मावशी

आपल्या धिरड्याशी नाते सांगणाऱ्या ‘पॅनकेक’ या पदार्थाच्या तयार पिठाच्या खोक्यावर अमेरिकेत एक हसतमुख कृष्णवर्णीय स्त्री शतकाहून अधिक काळ विराजमान होती. तिचे नाव आंट जेमायमा. आंट म्हणजे मावशी. पण श्रोतेहो, या मावशीपणात जिव्हाळा शोधू नये. वयस्क कृष्णवर्णीय स्त्रीस ‘मिसेस’ हे मानाचे संबोधन द्यावयास नको, म्हणून दक्षिणेकडील गोरे लोक तिला ‘आंट’ म्हणत. हे नावही १८८९ साली उचलले गेले ते तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या नटांच्या गाण्यातून.

मे २०२० मध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा प्राण गेला आणि महिन्याभरात कंपनीने चित्र व नाव मागे घेण्याचे जाहीर केले. ते योग्यच झाले. परंतु जेमायमाची भूमिका केलेल्या काही स्त्रियांच्या नातलगांनीच हरकत घेतली, की आमच्या माणसांचा इतिहासही याबरोबर पुसला जाईल. ही हरकत मला हसण्यावारी नेता येत नाही. ज्या शिकागो प्रदर्शनाच्या निमित्ताने १८९३ साली विवेकानंदांची वाणी जगाने ऐकली, त्याच प्रदर्शनात, केंटकीत गुलामीत जन्मलेली नॅन्सी ग्रीन जेमायमा बनून पॅनकेक भाजीत होती. १९२३ साली ती वारली. तिच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो २०२० साली.